दाराबाहेरची खुर्ची

तुझं नाव कॉलिन होतं, हे मला तू गेल्यावर कळलं.

सईला शाळेच्या बसमध्ये बसवून मी वर आले होते. चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. फार सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होती. म्हणाली, "कॉलिन गेला. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं." मी म्हटलं, "सॉरी हं, राँग नंबर." रिसीव्हर खाली ठेवतच होते, तर ती घाईघाईने म्हणाली, "एल्डर लार्सन. तुम्ही त्याला थोरले म्हणायचा." तिच्या तोंडी 'थोरले'चे पार तीनतेरा वाजले होते, तरी मला बरोबर कळलं. गॅस बंद करायचंही मग सुचलं नाही.

तुझी आई होती ती. आयडाहोहून बोलत होती. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. शेतातल्या पाण्याच्या चारीत ट्रॅक्टर उलटला, म्हणाली. दुपारीच तुला माती देऊन सगळे घरी परतले होते. मागे माणसांची ये-जा, भांड्यांचे आवाज ऐकू येत होते. माझा नंबर तुझ्या फ्रिजवर चिकटवलेला होता म्हणे.

मग तिने एक गोष्ट विचारली. तुझे वडील गेले तेव्हा तू इथे होतास, मिशनवर, धर्मप्रचाराच्या कामाला. येऊ नकोस, काम पुरं कर, असं तिनेच तुला सांगितलं होतं. नंतर घरी परतल्यावरही तू वडिलांसाठी कधी रडला नाहीस आणि तिनेही कधी विचारलं नाही. आता विचारायला तूच नव्हतास.

"तिथे तो रडला होता का?" तिने विचारलं. "कुणाजवळ तरी?"

मी काय सांगितलं ते सांगते. पण आधी आपलं दोघांचं. आपलं एक भांडण चार वर्षं अर्धवट पडलंय, आणि तू पंचविशीही पुरी न करता मध्येच उठून गेलास. ही काही रीत झाली का, थोरले?

नाव थोरले आणि हाक 'तू' अशी. तुझ्या छातीवर ती काळी पट्टी होती, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एल्डर लार्सन. एल्डर म्हणजे थोरले, वडीलधारे. एकोणीस वर्षांचं पोर, गालावर धड दाढी नाही, उन्हाने नाक सोललेलं, आणि म्हणे वडीलधारे. मला पहिल्याच दिवशी हसू फुटलं होतं. दोन वर्षं तुम्ही मॉर्मन पंथाची पोरं घरापासून दूर राहता आणि पहिलं नाव घरीच ठेवून येता. एकमेकांनासुद्धा एल्डर अमुक, एल्डर तमुक. मी एकदा विचारलं होतं, आई कशी हाक मारते? तू म्हणालास, "परत गेल्यावर सांगेन, ताई." परत गेल्यावर दर नाताळला कार्ड पाठवलंस, पण त्याच्या खालीही मी शिकवलेल्या देवनागरीत वाकडंतिकडं 'थोरले' एवढंच.

आपली ओळख झाली ती तांदळाच्या पोत्यामुळे. इथे परदेशात, यिशुनच्या आमच्या सरकारी ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही, आणि आमचा मजला नेमका न थांबण्यातला. मी पोतं लिफ्टमधून ओढून जिन्याशी आणलं होतं आणि त्याच्याकडे बघत उभी होते. विलास जहाजावर, सई सहा वर्षांची. तेवढ्यात खालून तुम्ही दोघं आलात. पांढरे शर्ट, टाय, काळ्या पँटी, घामाने निथळत. एक लांबसडक गोरा, एक बुटका चिनी. तू एक शब्द न बोलता पोतं खांद्यावर टाकलंस, जसं काही जन्मभर तेच करत आलायस, आणि दोन जिने चढून माझ्या दाराशी अलगद उतरवलंस.

मी म्हटलं, आत या, पाणी घ्या. तर तू दाराशी थबकलास आणि विचारलंस, "घरात कुणी पुरुष माणूस आहे का?"

 परका देश, नवरा समुद्रात, आणि हा धिप्पाड गडी विचारतोय घरात पुरुष आहे का! मी ठोकून दिलं, "आहे की. झोपलाय." तर तुझा चेहरा उजळला. "मग आम्हाला आत येता येईल!" आणि तू बूट काढायला वाकलास. मी अशी किंचाळले की शेजारच्या चिनी आजीबाई पोळीचं लाटणं असावं तसं काहीतरी हातात घेऊन बाहेर आल्या. शेवटी त्या तुझ्या सोबत्याने, इपोहच्या एल्डर चानने, हात जोडून उलगडा केला. घरात बाई एकटी असेल तर तुम्हाला उंबरठा ओलांडायची मनाई आहे, म्हणून तू विचारत होतास. मी खोटं बोलले होते ते तुला सोयीचं झालं आणि तू खरं बोललास ते मला भयंकर वाटलं. पुढे किती वेळा हसलो आपण त्यावर.

पण त्या दिवशी पेच पडला तो पडलाच. तुमचा नियम आत यायचं नाही हा. आणि आमच्यात उंबरठ्यातून काही द्यायचं-घ्यायचं नाही. सरकारी फ्लॅटला उंबरठा कसला, सिमेंटची बोटभर पट्टी. पण कराडला सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त यिशुनला येऊन सुटते थोडीच. तुम्ही आत येईनात, मी पाणी उंबऱ्यातून देईना. मग मीच बाहेर आले. घडीची खुर्ची कॉमन कॉरिडॉरमध्ये मांडली, चानला स्टूल दिलं, आणि स्वतः कठड्याला टेकून उभी राहिले. ती खुर्ची त्यानंतर आत गेलीच नाही.

चहा केला तर तुम्हाला चहा चालत नाही. कॉफी? तीही नाही. मी म्हटलं, अरे मग तुमचा देव पितो तरी काय? तू मनापासून विचार करून म्हणालास, "पाणी, बहुतेक." मी कोकमाचं सरबत दिलं. पहिल्या घोटाला तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि महिन्याभरात "ताई, ते लाल आहे का?" असं तूच विचारायला लागलास.

तुझा दिवस कसा जातो ते मी खोदून खोदून विचारायचे. मला सवयच आहे, जहाजावरच्या माणसाशी संसार म्हणजे त्याचा दिवस कल्पनेने जगायचा. सकाळी साडेसहाला उठायचं, गुडघ्यांवर बसून प्रार्थना, मग पोथी वाचायची, मग दोघांनी मिळून वाचायची. नूडल्स उकडून खायच्या. सायकलवर बसायचं आणि ब्लॉकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन एकेक दार ठोठावत खाली यायचं. टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही, पोहायचं नाही, पोरींशी बोलायचं ते कामापुरतं. सोमवारी शर्ट धुवायचे, बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळवायचे, आणि घरी पत्र लिहायचं. फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मे महिन्यात आईच्या दिवसाला. आणि सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, कधीच. मी म्हटलं, "अरे, आमच्या जहाजावरसुद्धा इतकं कडक नसतं. तिथे निदान वॉचची पाळी संपली की केबिनचं दार लावून एकट्याने शिव्या देता येतात."

"शिव्या पण बंद आहेत," चान म्हणाला.

दारं फार थोडी उघडायची. उघडली तर "नॉट इंटरेस्टेड लाह" म्हणून लागायची. एकदा सईने तुला शिकवलं, "एल्डर, यू नॉक लाइक पुलिस लाह. पीपल स्केअर्ड. नॉक सॉफ्टली, लाइक यू फरगॉट यॉर की." तू ते इतकं मनावर घेतलंस की दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावर मांजराने नख घासावं तशी टकटक व्हायला लागली. सई ओरडायची, "मम्मा, थोरले फरगॉट हिज की!"

तुझं ते धर्माचं निळं पुस्तक तू पहिल्याच आठवड्यात मला दिलंस. उंबऱ्यातून नाही, मी बाहेर येऊन घेतलं. देवांच्या फळीवर मानाने ठेवलंय, अजून आहे. वाचलं नाही, हे तुलाही माहीत होतं. दर वेळी तू विचारायचास, "ताई, वाचलंत?" आणि मी म्हणायचे, "दिवाळीनंतर." दिवाळी कधी येते हे तुला ठाऊक नव्हतं, तोवर बरं चाललं होतं.

आपली वादावादी व्हायची ती देवावरून नाहीच, उपासावरून व्हायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमचा उपास. एकदा नेमका तेव्हाच तू आलास आणि मी कौतुकाने साबुदाण्याची खिचडी घेऊन बाहेर आले. "आज उपास आहे ना तुझा? घे, खास केलीय." तू बशीकडे बघतोस, माझ्याकडे बघतोस. "ताई, उपास म्हणजे खायचं नसतं." मी म्हटलं, "वेडा आहेस का? उपासाला मग खायचं काय?" अर्धा तास झाला तरी तुला ते पटेना आणि मला तुझं कळेना. शेवटी तू ती बशी सूर्य मावळेपर्यंत राखून ठेवायला सांगितलीस आणि सायकल काढून गेलास. परत आलास आणि गार झालेली खिचडी चाटून पुसून खाल्लीस.

खिचडीतला बटाटा तू आधी वेगळा काढून बघायचास. बटाट्याच्या शेतातला मुलगा. वडिलांविषयी तू फार बोलायचा नाहीस, पण बटाट्याविषयी बोललास की ते त्यांच्याविषयीच असायचं. ते किती कमी बोलतात, पहाटे शेतात मुठीत माती घेऊन कशी दाबून बघतात, आणि तू मिशनवर निघालास तेव्हा विमानतळावर त्यांनी तुझा हात हातात घेऊन फक्त "पुरं करून ये" एवढंच कसं म्हटलं. तू हो म्हणालास. त्यांच्याकडून तुला मिळालेला तो सगळ्यात लांब निरोप होता, असं हसत सांगितलं होतंस.

आणि एकदा, चान सईचं गणित बघत होता तेव्हा, तू हलक्या आवाजात म्हणालास, "ताई, रोज सकाळी उठलो की मला घरी जावंसं वाटतं. रोज." मी म्हटलं, "मग जा की. कुणी बांधून ठेवलंय?" तू मान हलवलीस. तुमच्याकडे पोरगं अर्धवट मिशन सोडून आलं की गाव त्याच्याकडे कसं बघतं, ते तू सांगितलंस. तेव्हापासून मला तू चालत-फिरत दिसलास तरी आत कुठेतरी बॅग भरून बसलेला दिसायचास.

त्या गुरुवारी तुम्ही आलात. तू नेहमीसारखा कॉरिडॉरमध्ये बसून सईच्या सायकलची चेन बसवत होतास. चान माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "आंटी, रविवारी ह्याचे डॅड गेले. हार्ट."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. गेल्या रविवारी बाप गेलेला मुलगा गुरुवारी माझ्या दारात काळे हात करून चेन बसवतोय?

"विमान कधीचं आहे?" मी विचारलं.

तू वर न बघता म्हणालास, "मी जात नाहीये, ताई."

"म्हणजे?"

"मॉम म्हणाली, थांब. पुरं कर. डॅडलाही तेच आवडलं असतं."

कसली आई ही, असं माझ्या मनात आलं. आज लिहिते आहे, तेव्हा ते मनात आलं होतं हेही लिहायला हवं. मग माझा ताबाच सुटला. "अरे, बाप गेलाय तुझा! बापाला खांदा द्यायला मुलगा गेला तर तुझ्या देवाला राग येतो का?"

"राग नाही येत. विचारलं असतं तर पाठवलंही असतं."

"मग विचार ना!"

"गेलो तर मी परत येणार नाही. मला माहीत आहे ते." चेन बसली होती, तरी तू पॅडल फिरवतच होतास. "आणि त्यांना मी हो म्हटलंय."

"ज्याला हो म्हटलंस तो माणूसच राहिला नाही."

"म्हणून तर," तू म्हणालास.

मग तू तुझं ते नेहमीचं सांगायला लागलास. कुटुंब कायमचं असतं, मेल्यावरही सुटत नाही, सगळे पुन्हा एकत्र भेटणार आहेत. एरवी मी ते ऐकून घेत असे. त्या दिवशी नाही ऐकलं. म्हटलं, "कायमचे भेटणार आहात म्हणून आत्ता भेटायचं नाही, हा कुठला न्याय? कायमचं ते कायमचं बघून घेईल. आज तुझी आई घरात एकटी आहे, त्याचं काय?"

तू उठलास, हात रुमालाला पुसलेस आणि शांतपणे म्हणालास, "मिस्टर विलासही नव्हते ना जाऊ शकले, ताई? त्यांच्या वडिलांच्या वेळी?"

तुझ्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. मीच तुला सांगितलं होतं ते. अण्णा गेले तेव्हा विलासचं जहाज भर समुद्रात होतं. सईला घेऊन मी एकटी कराडला गेले होते. धाकट्या दिराने अग्नी दिला. सगळं गाव विचारत होतं, थोरला कुठाय, आणि मी सगळ्यांना 'जहाजावर' म्हणून सांगत होते. महिन्यांनी विलास उतरला तेव्हा आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. पगाराची नोकरी, करार, काय बोलणार. मी आत आले आणि जाळीचं दार लावून घेतलं.

चुकीचं कोण होतं, ते मला त्या दिवशीही माहीत होतं आणि आजही माझं मत तेच आहे. पण मी भांडत होते कुणाशी, तेवढं मात्र दार लावल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाळीचं पीठ कालवलं. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात करून नेतात आणि बळेबळे चार घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. तुझं घर आयडाहोला आणि तू इथे सायकलवर; तुला कोण नेऊन देणार होतं? डबा भरला आणि तुम्ही सायकली लावायला याल तेव्हा गाठायचं म्हणून ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, जाऊन बसले. तुम्ही आलात. मला बघून तू बिचकलास. मला वाटतं, कालचा राग अजून असेल असं तुला वाटलं.

"बस," मी म्हटलं. "जेव."

त्या दगडी टेबलावर, ज्याच्यावर बुद्धिबळाचा पट कोरलेला आहे, मी डबा उघडला. तू विचारलंस हे काय. मी कडू घासाचं सांगितलं. तू त्या पिवळ्या पिठल्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "आमच्याकडे बटाटे आणतात. वर चीज घालून भाजलेले. सगळ्या बायका तेच आणतात. आत्ता मॉमच्या किचनमध्ये ठेवायला जागा नसेल."

आणि तू चमचा उचललास. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला चान उठला. त्याला तुला नजरेआड होऊ द्यायची बंदी. तो जिन्याजवळच्या पत्रपेट्यांपर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून, एकेका पेटीवरचा नंबर वाचत उभा राहिला. पंचवीस पावलांवर. नियम मोडला की पाळला, त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याची पाठ वळली आणि तू रडायला लागलास.

तू जेवत होतास आणि रडत होतास. मध्येच थांबायचास, नाक पुसायचास, पुन्हा घास घ्यायचास. तुमच्यात बाईने जवळ घ्यायचं नाही. नाहीतर माझा हात तुझ्या पाठीवर कधीच गेला असता. मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून बसले. डेकच्या दुसऱ्या टोकाला मलाय लोकांच्या लग्नाचा मांडव घालायचं काम चाललं होतं, खुर्च्या आपटत होत्या, कुणीतरी माइक तपासत होतं. तुझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. डबा रिकामा झाला तेव्हा तू म्हणालास, "अजून आहे?" मी वर जाऊन उरलेलं घेऊन आले.

त्यानंतर तू घरी जायचं नाव काढलं नाहीस आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. भांडण मिटलं नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं.

तुझी शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला बदली झाली, तेव्हा विलास सुट्टीवर घरी होता. तू निरोप घ्यायला आलास, सवयीने कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसायला गेलास, आणि विलासने दार सताड उघडलं. "अहो थोरले, आत या! आज घरात पुरुष माणूस आहे." आपली ही कहाणी मी त्याला सांगितलेली होती. तू बूट काढलेस, सिमेंटची ती पट्टी ओलांडलीस आणि घरभर बघत राहिलास. इतके महिने तुला जाळीतून टीव्हीची एक कड, अर्धं कॅलेंडर आणि सोफ्याचा एक हात एवढंच दिसत आलं होतं. म्हणालास, "ताई, तुमच्याकडे इकडे एवढी मोठी खिडकी आहे?" जणू आम्ही ती लपवून ठेवली होती.

मग तू हट्टाने स्वयंपाकघरात आलास आणि माझ्या शेजारी उभं राहून पिठलं कसं करतात ते बघितलंस. गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवायचा नाही, हे तू दोनदा विचारून घेतलंस.

जेवताना विलासने तुला तुझ्या वडिलांचं विचारलं. तू दोन वाक्यांत सांगितलंस. आणि मग, थोरले, विलासने जे मला कधीच सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. अण्णांची तार जहाजावर आली तेव्हा तो इंजिन रूममध्ये होता. वॉच संपेपर्यंत काम केलं. मग एका पंपाच्या मागे जाऊन, आवाजात आवाज मिसळून, अण्णांना मोठमोठ्याने हाका मारल्या. कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळीचा डबा घेऊन उभी होते. तू त्याचं काही सांत्वन वगैरे केलं नाहीस. आपल्या ताटातला बटाटा उचलून त्याच्या ताटात ठेवलास. त्या दोन बिनहजर मुलांमध्ये मला बसायला जागा नव्हती, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्यानंतर विलास अण्णांविषयी बोलायला लागला. माझ्याशीसुद्धा. हे मी तुला कार्डात कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

तर, तुझी आई. "तिथे तो रडला होता का?" असं विचारून ती थांबली होती.

मी म्हटलं, "रडला. माझ्यासमोर रडला. पोटभर जेवला आणि पोटभर रडला."

ती मग म्हणाली, "ते पिवळं होतं का?" मला कळेना. तर म्हणे, दरवर्षी वडील गेले त्या तारखेला तू शहरातल्या भारतीय दुकानातून पीठ आणायचास आणि काहीतरी पिवळं शिजवून एकटाच खायचास. घरात सगळे त्याची थट्टा करायचे. तिनेही केली होती. "त्याच्या कपाटात ते पीठ अजून आहे," ती म्हणाली. "आज घरात बटाटेच बटाटे आहेत आणि मला एकही घास जात नाहीये. ते कसं करायचं, सांगाल मला?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही करायचं नाही. आज तुम्ही चुलीपाशी जायचं नाही. शेजारची कुणी असेल तर तिला फोन द्या."

रूथ नावाच्या बाईने फोन घेतला. बटाटे घेऊन आली होती बिचारी. मी तिला सांगत गेले. कांदा चिर. तेल तापू दे. त्याच्या डब्यात काळे बारीक दाणे असतील, ती मोहरी. ती घाल आणि मागे हो. फोनमधून मोहरी तडतडलेली ऐकू आली आणि "ओ माय!" असं रूथ ओरडली. हळद, तिखट, पाणी. पीठ कालवून ओत आणि हात थांबवू नकोस. "ग्रेव्हीसारखं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तसंच समज. भात होता त्यांच्याकडे. थोड्या वेळाने रूथ फोनवर परत आली आणि कुजबुजली, "ती खातेय. ठेवू का फोन?"

"राहू दे जरा," मी म्हटलं. "बाजूला ठेव, पण बंद करू नकोस."

फोनची वायर पोचेल तेवढी ओढत मी दारापाशी आले, जाळीचं दार उघडलं आणि बाहेर तुझ्या खुर्चीत बसले. इतके महिने तू इथे बसून माझ्या घरातले आवाज ऐकलेस, कुकरच्या शिट्ट्या, सईचे पाढे, माझी बडबड. आता मी तुझ्या घरातले ऐकत होते. तू वडिलांकडे जायला हवं होतंस, असं मला अजूनही वाटतं, थोरले, आणि तू गेल्याचं कळल्यावर विमान पकडून मीही काही निघाले नाही, हेही खरं. तुझं ते कायमचं खरं असेल, तर तू एव्हाना त्यांच्यापाशी पोचला असशील आणि मी वाद हरले असेन. हरले असले तर मला बरंच वाटेल.

पलीकडे चमचा ताटलीला लागत होता. तो थांबेपर्यंत मी रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले. तुझी आई जेवली.